माणसं नकोत, की उठबस नको? रानाजवळ एकटं राहायला जाण्याच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका बाईंचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी त्यांची संमती घेतली आहे. भेटींमध्ये मी त्यांना ताई म्हणत असे, इथेही तेच ठेवलं आहे.

समुपदेशकाकडे असे प्रश्न बहुधा ‘एकटेपणा’ नाहीतर ‘ताण’ या नावाने येतात. ताईंचा प्रश्न दोन्हींत बसत नव्हता. रानात एकटं बसायला त्यांना मनापासून आवडत होतं, आणि माणसांवरही त्यांचा जीव होता. फक्त, या दोन्हींपैकी एक सोडावंच लागणार असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. ते तसं नाही, हे नुसतं सांगून भागलं नसतं. त्यांच्याच आठवड्यात ते त्यांना दिसायला हवं होतं. ते कसं दिसलं आणि मध्ये कुठे कुठे वाट चुकली असती, हे सविस्तर मांडावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

ताई पन्नाशीच्या आसपासच्या. नोकरी हिशेब तपासणीची, म्हणजे दिवसभर मान खाली घालून करायचं काम. घरी नवरा, मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात. पण घर कधी रिकामं नसे. वीसेक वर्षं ते घर ओळखीपाळखीच्या सगळ्यांचा अड्डा होतं. हौशी गाणाऱ्यांचा एक गट दर आठवड्याला त्यांच्याच बैठकीत जमायचा. कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे सगळं आधी ताईंच्या कानावर यायचं. “मला हे आवडायचं. कुणी म्हणेल मी ओढूनताणून करत होते, तर तसं नाही,” असं त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं. हे मी तेव्हाच ठळक लिहून ठेवलं, कारण गर्दीला कंटाळलेलं माणूस आपल्या गर्दीबद्दल सहसा असं बोलत नाही.

मग ताईंच्या आई अंथरुणाला खिळल्या. दोन वर्षांहून जास्त काळ ताईंनी त्यांची शुश्रूषा घरीच केली. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायची, प्रत्येकाला धीर द्यायचा, निरोप द्यायला दारापर्यंत जायचं. आई गेल्यावरही रीघ थांबली नाही. “रडायला आलेल्यांचे डोळे मीच पुसत होते. माझं रडणं राहूनच गेलं,” असं त्या म्हणाल्या.

काही आठवड्यांनी एका पहाटे त्या एकट्याच वस्तीबाहेरच्या रानात गेल्या. ओढ्याकाठी एका दगडावर बसल्या आणि तिथे त्यांना रडू आलं. भरपूर आलं. कुणाला आवरायचं नव्हतं, कुणाला काही सांगायचं नव्हतं. घरी परतल्या तेव्हा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा डोकं गप्प होतं.

त्यांच्या या अनुभवाला आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना ९० मिनिटं झाडाझुडपांतून चालायला लावलं आणि काहींना वर्दळीच्या रस्त्याच्या कडेने. झाडांतून चालून आलेल्यांचं तेच ते उगाळत बसणं कमी झालं. रस्त्याच्या कडेने चाललेल्यांचं झालं नाही. आईचे शेवटचे दिवस मनात पुन्हा पुन्हा उगाळणाऱ्या ताईंना रानाची ओढ लागली यात नवल नव्हतं.

आधी आठवड्यातून एकदा, मग जवळजवळ रोज पहाटे, मग सुट्टीचे पूर्ण दिवस. रानही त्यांनी नीट शिकून घेतलं. सुतारपक्ष्याचा आवाज कोणत्या झाडावरून येतोय ते त्या पाठमोऱ्या उभ्या राहून सांगू शकत. आडव्या पडलेल्या एका खोडाशी एक कोळी जाळं विणायचा. जुनं जाळं तो खाऊन टाकतो आणि त्याच जागी नवं विणतो, हे त्यांनी तासन्तास बसून पाहिलं होतं. मला सांगताना त्यांचे हात हवेत फिरत होते: आधी बाहेरचे ताणाचे धागे, मग मधल्या बिंदूपासून बाहेर जाणाऱ्या रेघा, आणि शेवटी बाहेरून आत येत जाणारं चिकट वेटोळं. सांगून झाल्यावर त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, “हे मी आत्तापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.”

अडचण

वर्षभरात बाकीचं एकेक सुटत गेलं होतं. गाण्याच्या गटात जाणं बंद झालं. गट थोडे दिवस दुसरीकडे जमला आणि मग विस्कळीत झाला. फोन आला तर “बघते, कळवते” म्हणायचं आणि कळवायचं नाही. दोघी जुन्या मैत्रिणींनी विचारणंच सोडलं. नवऱ्याने सुरुवातीला समजून घेतलं. पुढे तोही गप्प राहू लागला. त्याचं म्हणणं त्याने एकदाच आणि फार सौम्य शब्दांत सांगितलं होतं: “तू घरी आलीस तरी यायला दोन-तीन तास लागतात.”

ताई माझ्याकडे आल्या त्या यातल्या कशासाठीच नव्हे. रानाला लागून एक छोटं घर विकायला निघालं होतं. मालक ओळखीचा होता, घ्यायची ऐपत होती आणि नोकरीत आठवड्याचं बरंचसं काम लांबून करायची परवानगी मिळण्यासारखी होती. आठवड्यातले पाच दिवस तिथे एकटीने राहायचं, दोन दिवस घरी यायचं, असा बेत होता. “घ्यावं की नको, एवढंच सांगा.”

एवढंच सांगणं शक्य नव्हतं, कारण बोलता बोलता आणखी दोन गोष्टी वर आल्या. एक, महिन्यापूर्वी ओढ्याच्या उतारावर त्यांचा पाय मुरगळला होता. फोनला रेंज नव्हती. त्या कोणत्या बाजूला गेल्या आहेत हे घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. लंगडत रस्त्याला लागायला दुपार झाली. हे त्यांनी घरी सांगितलंच नाही. दुसरी गोष्ट त्यांना स्वतःलाच टोचत होती: रान आता पूर्वीसारखं भिडत नव्हतं. “पहिले काही महिने एखादं पान उन्हात चमकलं तरी आत काहीतरी हलायचं. आता दिसतं, छान असतं, आणि जातं.”

इथे पहिला निर्णय माझ्या बाजूचा होता. हा निवडलेला एकांत आहे, शोक आहे, की नैराश्य एकांताचा मुखवटा घालून आलं आहे? बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात: माणूस लोकांत येत नाही. झोप, भूक, कामातलं लक्ष, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस, जगण्याबद्दलचे विचार, हे सगळं मोकळेपणाने विचारलं आणि एकदा मनोविकारतज्ज्ञांना भेटून यायला सांगितलं. नैराश्याचं निदान झालं नाही. ही पायरी गाळून थेट “निसर्ग आणि माणसं यांचा समतोल” यावर बोलायला बसणं मला धोक्याचं वाटतं. नैराश्यात असलेल्या माणसाला एकांताचं कौतुक ऐकवणं म्हणजे त्याच्या हातात दाराची कडी देणं.

रान का भिडेनासं झालं, याचं एक संभाव्य उत्तर थुई-व्ही गुयेन, रिचर्ड रायन आणि एडवर्ड डेसी यांच्या २०१८ मधल्या प्रयोगांत सापडतं. पंधराएक मिनिटं एकटं बसल्यावर लोकांच्या तीव्र भावना खाली येतात, असं त्यांना दिसलं. राग आणि अस्वस्थता उतरते, पण उत्साह आणि उल्हासही उतरतो. हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे मी दुःख शमवायला गेले, आणि ते शमल्यावरही शमवतच बसले.” यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

वहीतून काय दिसलं

घराचा निर्णय काही आठवडे लांबवायचं ठरलं. तोवर ताईंनी एक वही ठेवायची. किती तास एकटं आणि किती तास माणसांत, हे मला नको होतं. प्रत्येक प्रसंगाला तीनच गोष्टी लिहायच्या: आधी कसं वाटत होतं, नंतर कसं वाटलं, आणि तिथे तुमच्याकडे काम काय होतं. हिशेब तपासणाऱ्या बाईंची वही. रकाने पट्टीने आखलेले होते. त्यातल्या काही नोंदी त्यांच्या परवानगीने देते आहे.

“पहाट, रान. आधी: डोकं जड. नंतर: हलकं. काम: काही नाही.”

“संध्याकाळ, नवऱ्याकडचे सात जण घरी. आधी: बरी होते. नंतर: पिळून निघाले. काम: सगळं.”

“दुपार, ऑफिसच्या जिन्यात सहकारिणीशी उभ्या उभ्या गप्पा. आधी: कंटाळा. नंतर: तरतरी, उगाच हसू येत होतं. काम: काही नाही.”

“रविवार, रान, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. आधी: चांगलं. नंतर: घरी जायचा कंटाळा. कुठेच जायचा कंटाळा. काम: काही नाही.”

तिसऱ्या रकान्याने सगळी उकल केली. माणसांत जाऊन आल्यावर ताई गळून जात होत्या ते केव्हा? जेव्हा उठबस त्यांच्या गळ्यात होती तेव्हा. कुणी अवघडलंय का, कोण कोपऱ्यात एकटं बसलंय, कुणाचं कुणाशी पटत नाही म्हणून त्यांना लांब बसवायचं, कधी विषय बदलायचा, हे सगळं त्या बघत होत्या. जिथे हे करायचं नव्हतं तिथे तीच माणसं त्यांना उभारी देत होती. वीस वर्षं त्या गाण्याच्या गटाच्या यजमानीण होत्या, आणि त्या वीस वर्षांत आपण स्वतः निवांत किती वेळा गायलो हे त्यांना आठवेना. त्यांना नकोशी झाली होती ती माणसांची जबाबदारी. सोडली मात्र त्यांनी माणसं.

शेवटची नोंदही तेवढीच महत्त्वाची. सबंध दिवस रानात काढल्यावर त्यांना जास्त बरं वाटत नव्हतं. २०१९ मध्ये मॅथ्यू व्हाइट आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून एक निष्कर्ष काढला. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक आपली प्रकृती आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. हा वेळ एका दमात मिळाला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडत नव्हता. पण हा लाभ २०० ते ३०० मिनिटांच्या आसपास शिगेला पोचून पुढे वाढत नव्हता. सांगड दिसली म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, हे खरंच. तरी ताई त्या आकड्याच्या कैक पट वेळ रानात काढत होत्या, आणि त्यांची वहीही तेच म्हणत होती.

आणखी एक गोष्ट त्यांची त्यांनाच सापडली. रानातल्या सर्वांत चांगल्या पहाटा त्या होत्या, ज्या दिवशी नंतर कुणाला तरी भेटायचं ठरलेलं होतं.

समोरचे पर्याय

घर घेणं हा पर्याय मी आधीच बाद केला नाही. असं जगून समाधानी असलेली माणसं असतात. पण त्याची किंमत पैशांत मोजून भागत नव्हतं. ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून, तीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून दाखवलं की ज्यांचे माणसांशी संबंध भक्कम आहेत त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दीडपट होती. शिवाय तुटलेली मैत्री पुन्हा जुळवायला वेळ लागतो. जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधल्या अभ्यासात ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण ५० तास लागत होते आणि जिवलग मैत्री व्हायला २०० हून अधिक. ताईंकडे वीस वर्षांची पुंजी होती आणि ती अजून पूर्ण गेलेली नव्हती.

रान सोडून पुन्हा पूर्वीसारखं घर भरतं करावं, असं नवऱ्याच्या मनात होतं. तो दुष्टपणाने नव्हे, काळजीने म्हणत होता. पण त्यात ताईंनी नव्याने मिळवलेलं एक सामर्थ्य वाया गेलं असतं. स्वतःबरोबर स्वस्थ बसता येणं ही सर्वांना जमणारी गोष्ट नाही. २०१४ मध्ये टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांना रिकाम्या खोलीत १५ मिनिटं नुसतं विचार करत बसायला सांगितलं. हवा तर स्वतःला विजेचा सौम्य झटका देण्याची सोय ठेवली. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी तो घेतला. हे ऐकल्यावर ताईंचे पती पहिल्यांदा म्हणाले, “म्हणजे ती तिथे बसून जे करते ते सोपं नाही.” त्या एका वाक्याने घरातलं वातावरण बरंच निवळलं.

निम्मी-निम्मी वाटणी हा पर्याय कागदावर सर्वांत न्याय्य वाटतो, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. नेटा वाइनस्टीन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये १७८ प्रौढांच्या २१ दिवसांपर्यंतच्या नोंदी तपासल्या. एकांत किती आणि सहवास किती याचं सर्वांना लागू पडणारं योग्य प्रमाण त्यांना सापडलं नाही. जास्त वेळ एकटं घालवलेल्या दिवशी लोकांना ताण कमी आणि मोकळीक जास्त वाटत होती; त्याच दिवशी एकटेपणाही जास्त आणि समाधान कमी वाटत होतं. मात्र तो एकांत आपणहून निवडलेला असला तर हा तोटा बराच कमी होत होता. म्हणजे तासांच्या वाटणीपेक्षा मर्जीला महत्त्व आहे. ताईंनी तरीही दोन आठवडे काटेकोर वाटणी करून पाहिली, कारण हिशेब जुळवण्याची त्यांना सवय. तिसऱ्या आठवड्यात “आज माणसांचा दिवस आहे” म्हणून त्या एका समारंभाला गेल्या आणि तिथे घड्याळाकडे बघत बसल्या. वाटणी तिथेच संपली.

माणसांनाच रानात न्यावं, ही सूचना मुलीची. ऐकायला फार छान. चार मैत्रिणींना घेऊन ताई एकदा गेल्या. वाटेत कुणाला तहान लागली, कुणाची चप्पल तुटली, कुणाला भीती वाटत होती. ताई पुन्हा यजमानीण झाल्या, या वेळी सबंध रानाच्या. खोडाजवळून जाताना कोळी दाखवायचा होता, तोही राहून गेला. माझं मत असं की काही लोकांना हे मिश्रण मानवतं, पण ज्याला सगळ्यांची काळजी वाहायची सवय आहे त्याने एकांताची जागा आणि गोतावळ्याची जागा वेगळ्याच ठेवाव्यात.

उरला शेवटचा पर्याय: विकत घेण्याआधी राहून बघणं. मालकाने तीन आठवड्यांसाठी घर भाड्याने द्यायचं कबूल केलं.

काय केलं

जाण्याआधी एक गोष्ट सक्तीची होती, पाय मुरगळला त्या दिवसासाठी. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे रोज सकाळी नवऱ्याला कळवायचं, परतल्यावर एका शब्दाचा निरोप, आणि ठरलेल्या वेळेनंतर तासभरात निरोप आला नाही तर त्याने मदत घेऊन निघायचं. ताईंना हे सुरुवातीला जाचाचं वाटलं. “मग एकटी कसली?” त्या म्हणाल्या. इथे मी त्यांना डोनाल्ड विनिकॉट यांचं म्हणणं सांगितलं. या ब्रिटिश मनोविश्लेषकांनी १९५८ मध्ये मांडलं होतं की मूल एकटं राहायला शिकतं ते आईच्या उपस्थितीत. ती जवळ आहे, पण मध्ये मध्ये करत नाही, या भरवशावर ते आपल्यातच रमू शकतं. कुणीतरी आपली वाट बघतंय हे एकांताच्या आड येत नाही. एकांत त्याच्याच जोरावर उभा असतो. हे सांगताना त्यांच्या आईचा विषय निघणार हे मला माहीत होतं, आणि तो निघाला. ती सगळी भेट त्यातच गेली, आणि ते योग्यच झालं.

त्या तीन आठवड्यांचं वर्णन थोडक्यात असं. पहिले चार-पाच दिवस स्वर्ग. त्यानंतरच्या नोंदींमध्ये एक माणूस वारंवार दिसू लागला: वाटेवरच्या रोपवाटिकेत काम करणारे एक म्हातारे गृहस्थ. “आज आजोबांनी विचारलं, ओढ्याला पाणी किती आहे.” “आजोबा दिसले नाहीत.” “आजोबांना कोळ्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, त्यांनी पन्नास वर्षांत कधी बघितलं नाही. उद्या बघणार आहेत.” दिवसातल्या पाच मिनिटांच्या या बोलण्याला पानात सर्वांत जास्त जागा मिळत होती. जवळच्या नात्यांबरोबर अशी जुजबी, रोजची ओळखही माणसाच्या उपयोगी पडते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये विरळ नात्यांकडे लक्ष वेधल्यापासून अभ्यासक सांगत आले आहेत. रानात एकटं राहायला गेलेल्या ताईंच्या वहीत ते नकळत उमटलं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच ठरवलं, घर घ्यायचं नाही. पण जुनं वेळापत्रकही नको. मग आम्ही तासांऐवजी भूमिकांवरून मांडणी केली. आठवड्यातल्या दोन पहाटा रानाच्या. त्या कुणासाठीही हलवायच्या नाहीत, अगदी पाहुणे असले तरी. महिन्यातून एक पूर्ण दिवस. गाण्याचा गट पुन्हा जमवायचा, पण ताईंच्या घरी नाही; पाळीपाळीने इतरांकडे, आणि ताईंची पाळी सर्वांत शेवटी. तिथे त्यांनी फक्त एकच काम करायचं: गायचं. कोण कोपऱ्यात बसलंय ते बघायचं नाही. हे त्यांना सर्वांत जड गेलं. पहिल्या वेळी त्या दोनदा उठल्या आणि दोनदा घरधनिणीने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

आणि नवऱ्याचे ते “यायला लागणारे दोन-तीन तास”. रानातून थेट घराच्या गोंगाटात शिरलं की ताई चिडचिड्या व्हायच्या, आणि घरच्यांना वाटायचं त्यांना आपण नकोसे झालोत. उपाय नवऱ्यानेच सुचवला. रान संपतं तिथे तो येऊन थांबतो आणि घरापर्यंतची वीस मिनिटं दोघं चालत येतात. सुरुवातीची दहा मिनिटं बोलायचं नाही. मग ताईंनी त्या दिवशी पाहिलेली एक गोष्ट सांगायची. एकच.

परिणाम

वर्ष उलटल्यावरची स्थिती सांगते. रानातल्या दोन पहाटा टिकल्या आहेत. गाण्याचा गट टिकला आहे, थोडा लहान होऊन. रान पुन्हा भिडू लागलं, असं ताई सांगतात. त्यांच्या मते त्याचं कारण ती परतीची वाट आहे: “सांगायला कुणी आहे म्हटल्यावर मी नीट बघते.” नवऱ्याशी बोलणं वाढलं. मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, लग्नानंतर इतकी वर्षं त्यांना पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं, आता तीन आवाज ओळखता येतात.

सगळं सुधारलं असं नाही. मोठे समारंभ अजूनही ताईंना थकवून टाकतात आणि आता त्या लवकर निघतात, कारण न देता. घरी चार माणसं आली की हात आपोआप कामाला लागतात. आईचा शोक जायचा तेव्हा जाईल. त्याला घाई लावावी असं मला कधी वाटलं नाही. दोघी मैत्रिणींपैकी एक परत आली. दुसरी नाही आली.

वेगळं काय करता येईल

असं प्रकरण पुन्हा समोर आलं तर काही गोष्टींचा क्रम बदलावा असं वाटतं. जोडीदाराला सुरुवातीलाच सोबत घ्यावं. ताईंचे पती बऱ्याच उशिरा आले, आणि ते वाक्य, “यायला दोन-तीन तास लागतात”, सगळ्या उपायांची किल्ली ठरलं. एकटं राहणाऱ्याला आतून जे दिसत नाही ते दारात वाट बघणाऱ्याला दिसतं.

सुरक्षिततेचं बोलणं तर कशाचीही वाट न बघता पहिल्या दिवशीच व्हावं. एकांत प्रिय असलेली माणसं अपघात लपवतात, कारण सांगितलं तर जाणं बंद होईल अशी धास्ती असते. “तुमचं जाणं थांबवणार नाही, पण कुठे जाता ते कुणाला तरी ठाऊक हवं,” एवढं ठामपणे सांगितलं की बहुतेक जण ऐकतात.

मैत्रिणींकडे परतण्याची रीतही बदलता आली असती. ताईंनी सगळ्यांना मिळून एकच लांबलचक संदेश पाठवला होता: आईचं, रानाचं, आपण का गायब होतो याचं. तो प्रामाणिक होता. पण ज्या दोघी वर्षभर फोन करून थकल्या त्यांना तो इतरांच्या रांगेत मिळाला. प्रत्येकीकडे वेगळं, समोरासमोर जायला हवं होतं, असं आता ताईच म्हणतात. न परतलेल्या मैत्रिणीकडे जायचं त्यांच्या मनात आहे. उशीर झालाय हेही त्यांना ठाऊक आहे.

आणि सर्वांत आधीचा टप्पा: शुश्रूषेची ती दोन वर्षं. भेटायला येणाऱ्यांची व्यवस्था नात्यातल्या दुसऱ्या कुणी हाती घेतली असती, हकीकत सांगायचं काम एकाने वाटून घेतलं असतं, तर ताईंना माणसांपासून इतकं लांब पळावं लागलं नसतं. घरात दीर्घ आजारपण असलेल्या कुटुंबांना हे मी आता आवर्जून सांगते. सेवा करणाऱ्याला रोज तासभर बाहेर पाठवा, आणि तेवढा वेळ दार उघडायला दुसरं कुणीतरी असू द्या.

रानाजवळचं ते घर अजून विकलं गेलेलं नाही. ताई वर्षातून एकदा पंधरा दिवसांसाठी ते भाड्याने घेतात. मालक पुन्हा विचारणार आहे. या वेळी वही हाताशी आहे आणि ताईंचं नवऱ्याशी बोलणंही झालेलं आहे: नोकरी संपल्यावर दोघांनी मिळून राहायचं ठरलं तर घ्यायचं, एकटीसाठी असेल तर भाडंच पुरे.